सूर्यभानजींची पैरण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात बायकोपासून काही लपवणं किती कठीण असतं, ते तुम्हाला सांगायला नको. तरी लपवलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती नाही — हाही कबुलीचाच भाग धरा.

गोष्ट कपड्यांची आहे. म्हणजे कपड्यांपासून सुरू होते.

मी शाळेत भूमिती शिकवायचो. तीस वर्षं हिंदीतून शिकवलं, घरी मराठीतून भांडलो, जबलपुरात आमच्यासारख्यांचं असंच चालतं. छत्तीसगड वेगळं झालं त्याच्या आसपास मी निवृत्त झालो. पनागरच्या रस्त्याला वडिलांनी घेऊन ठेवलेला जमिनीचा तुकडा होता, तिथं भाजी लावायला लागलो. वांगी आली, पालक आला, मजा वाटली. मग एका सकाळी शर्टाचं बटण लावत बसलो होतो आणि हातातली सुई थांबली. वांगं कसं येतं हे आता मला माहीत होतं. पण हे अंगावरचं? जन्मल्यापासून एक दिवसही ज्याच्यावाचून घराबाहेर पडलो नाही, ते कसं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. धागा कसा होतो? धाग्याचं कापड कसं होतं? सपाट कापड गोल माणसाच्या अंगावर कसं बसतं? भूमितीच्या मास्तराला तीस वर्षांत हा प्रश्न पडू नये?

मी ठरवलं, यापुढं नवीन कपडा घालायचा तो स्वतः केलेला. बी पेरण्यापासून.

बायको म्हणाली, "काहून एवढा खटाटोप? दुकानं बंद झाली का गावातली?"

पण मला चैन पडेना. कापूस लावला, चार ओळी. बोंडं फुटली तेव्हा लहान मुलासारखा हरखलो. सरकी हातानं काढली, बोटं सोलली. कापूस पिंजला, त्याचे पेळू केले, चरख्यावर सूत काढायला शिकलो. सूत म्हणजे काय, कुठं दोरी, कुठं कोळ्याचं जाळं. आता विणायचं कुणाकडून शिकावं? भाजीबाजारात एकानं सांगितलं, फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक सूर्यभानजी आहेत, त्यांच्या मागच्या खोलीत अजून हातमाग आहे.

असा मी सूर्यभानजींकडे गेलो.

त्यांचे वडील पवनीकडून आले होते, जाडंभरडं कापड विणणाऱ्यांच्या घरातले. मुलगा फॅक्टरीत लागला तरी वडिलांचा माग त्यानं मोडू दिला नव्हता. ते बौद्ध, आम्ही भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेल्यांपैकी. इतक्या पिढ्या एका गावात, घरात भाषा एकच, पण त्यांच्या वस्तीत त्याआधी मी कधी चहा प्यायलो नव्हतो. हे लिहायला नको वाटतं. म्हणूनच लिहितो.

सूर्यभानजींनी मला शिकवलं. कशाबद्दल? कशाहीबद्दल नाही. त्यांना सोबत हवी होती असं मला वाटतं. त्यांची बायको, वच्छलाबाई, दोन वर्षांपूर्वी वारली होती. मी तिला कधी पाहिलं नाही. मुलगी सुनंदा शहपुऱ्याला शाळेत शिकवायची, महिन्या-दोन महिन्यांनी यायची. एरवी घरात ते आणि माग. माझा धागा तुटला की मी चिडायचो. ते म्हणायचे, "त्याच्यावर ओरडू नका, माट्साब. तो ऐकत नाही."

विणताना ते बोलायचे, आणि बोलणं फिरून फिरून वच्छलाबाईंवर यायचं. ते कापड विणायचे, ती शिवायची, घरातल्या सगळ्यांचं, हातानं. एक सल मात्र त्यांच्या मनात होता. "पुरं घर शिकलं, माट्साब. पोरगी मास्तरीण झाली. एकटी तीच राह्यली. विहारात बायांचा वर्ग भरे. साऱ्या जाऊन राहिल्या होत्या. ही म्हणे, मले नाही जमत. मी लय रागावलो एक खेप. शेवटपर्यंत अंगठाच लावला तिनं." मग ते पुन्हा मागाकडे वळायचे. रागावलो होतो, हे त्यांना जास्त बोचायचं की ती शिकली नाही, हे? मला तेव्हा कळलं नाही.

वर्षभरानं माझं पहिलं कापड निघालं. खडबडीत, एका कडेला वाकडं, पण माझं. मी स्वतः सदरा शिवला. तो घालून वांग्याला काठी लावायला हात वर केला आणि काखेत टर्रकन फाटला. दुसरा शिवला, सैल. तोही तिथंच फाटला. तुम्ही कधी हातचं सूत फाटताना ऐकलंय? वर्षभराची मेहनत असते त्या आवाजात.

तिसराही फाटल्यावर सूर्यभानजींनी पेटीतून एक पैरण काढून दाखवली. लांब बाह्यांचा, गुडघ्याच्या वरपर्यंतचा जुना सदरा. कापड त्यांचं, शिवण वच्छलाबाईंची. तिनं केलेल्यांपैकी एवढीच उरली होती. बुद्धपौर्णिमेला ते ती घालायचे. मला ती घालून पाहायला दिली. मी हात वर केले, पुढं केले, मागं नेले — पैरण जागची हलली नाही. काखेत ओढ नाही, ताण नाही. सगळे तुकडे सरळ कापलेले, एकही गोलाई नाही. आणि बाही जिथं अंगाला मिळते तिथं एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला. त्याला चौबगला म्हणतात, हे त्यांनी सांगितलं.

चौबगला दिसत होता. मग मला अडलं कुठं? ऐका. त्या चौकोनाला आतून पाहिलं, कापडाची कड दिसेना. बाहेरून पाहिलं, कड दिसेना. टाकेही जवळजवळ दिसेनात. चारही बाजूंनी बंद पेटी! कड आत दडवली हे उघड होतं, पण मग आत दडवून झाल्यावर बाईनं सुई बाहेर काढली कुठून? शेवटचा टाका कुठला? मी तासभर ती काख उजेडात धरून बसलो. सूर्यभानजींना विचारलं. ते हसले. "मले कापड समजते. शिवण तिची. मी कधी पुसलंच नाही."

मी म्हणालो, चार दिवस घरी नेतो, कागदावर उतरवून घेतो.

त्यांनी पैरणीची घडी घातली. द्यायच्या आधी हातात जराशी धरून ठेवली. "न्या. पाहा. पण टाका उसवू नका, माट्साब. तिच्या हातचं येवढंच राह्यलं."

मी म्हणालो, "छे छे."

तुम्हाला आता पुढचं कळलंच असेल. मला वाटतं, ते शब्द उच्चारताना मलाही कळलं होतं.

दोन दिवस मी खरंच नुसतं पाहिलं. भिंग लावून पाहिलं, कागदाचे चौकोन कापून दुमडून पाहिले. तिसऱ्या दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. खिडकीत ऊन होतं. मी सुईचं टोक एका टाक्याखाली घातलं, फक्त किती खोल जातो ते बघायला. टाका तुटला. आता तुटलाच आहे, तर दुसरा. मग तिसरा. मला वाईट वाटत होतं असं सांगू? नव्हतं वाटत. मला आनंद होत होता. एका कोड्याची गाठ सुटत होती आणि माझ्या हातात सुटत होती. एक पूर्ण बाजू उसवली, मग दुसरी.

चौबगला एक नव्हता, दोन होते. दोन चौकोन एकावर एक, आणि बाहीच्या, अंगाच्या सगळ्या कडा त्यांच्या मधे दाबलेल्या. शेवटची बाजू तिनं बाहेरूनच, दुमडीच्या आतून सुई नेत बंद केली होती. इतकं साधं! मी मोठ्यानं "वा!" म्हणालो, रिकाम्या घरात.

मग ते दोन चौकोन मी एकमेकांपासून वेगळे केले.

आतल्या बाजूला, जिथं कधी कुणाची नजर जाणार नव्हती तिथं, लाल दोऱ्यानं काहीतरी भरलेलं होतं. आधी वाटलं नक्षी. खाली एक आडवी रेघ, तिच्यावर तीन आकृत्या उभ्या. मी पैरण फिरवली, रेघ वर आली आणि आकृत्या एकदम अक्षरं झाल्या. ला. छ. व. परत फिरवली. अक्षरं सरळ धरली की नाव उलटं व्हायचं, नाव डावीकडून धरलं की अक्षरं डोक्यावर उभी राहायची. पण नाव होतं. वछला. जोडाक्षर जमलं नव्हतं, बाकी सगळं होतं.

अंगठा लावणारी वच्छला.

मी उठून उभा राहिलो. चपला घातल्या. खरं सांगतो, मी दारापर्यंत गेलो. सूर्यभानजींना हे आत्ताच्या आत्ता सांगायचं — तुमच्या बायकोला लिहिता येत होतं, तुमच्याच काखेत लिहून ठेवलंय तिनं! आणि दारात माझ्या लक्षात आलं, की ते मला पहिली गोष्ट काय विचारतील.

मी परत आत आलो.

एवढंच. याहून मोठं काही घडलं नाही. माणूस दारातून परत आला.

पुढचे दिवस मी पैरण पुन्हा शिवण्यात घालवले. तिच्या सुईची जुनी भोकं शोधून त्यांतूनच सुई नेली. दोरा पांढरा दिसत होता, म्हणून चहाच्या पाण्यात उकळून जुना केला. बायकोनं विचारलं, "पातेल्यात काय करून राहिले?" म्हटलं, प्रयोग. नाव होतं तसं आत बंद केलं. पण तिच्यासारखा हात मला कुठून येणार? माझे टाके जाड पडले. एका कोपऱ्यात गाठ राहिली. तशीच पैरण घडी घालून परत नेऊन दिली.

बुद्धपौर्णिमेनंतर सूर्यभानजी आमच्याकडे आले. इकडचं तिकडचं बोलले. मग उजव्या काखेवर हात ठेवून म्हणाले, "माट्साब, इथं काहीतरी चुभते. पहिले नव्हतं चुभत."

हाच तो क्षण. उसवलं ते कुतूहलानं, लपवलं ते भीतीनं. दोन्हींबद्दल कदाचित मी स्वतःची समजूत घातली असती. पण आता जे बोललो ते? मी अगदी शांतपणे म्हणालो, "वय झालं, सूर्यभानजी. अंग आटतं, कापड तेच राहतं. पहिल्यापासून तसंच असेल, तुमच्या लक्षात नसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर होतो मी. "अच्छा," म्हणाले, "असंल. मीच विसरून राहिलो असंन."

आणि त्या दिवसापासून ते विसरायला लागले. म्हणजे विसरत नव्हते, पण विसरतोय असं मानायला लागले. वच्छलाबाईंची एखादी गोष्ट सांगता सांगता थांबायचे. तिची अंबाडीची भाजी आंबट व्हायची की ती आणखी कुणाची? तिला शेवटी कोणत्या कुशीवर झोप लागायची? पूर्वी ठामपणे सांगायचे ते आता मला विचारायचे — मला, ज्यानं तिला पाहिलं नव्हतं! "पुसायला कोणी राह्यलं नाही," म्हणायचे, "आणि माझा काय भरोसा, पैरणीचंबी ध्यानात नव्हतं." मी मागावर बसलेला असायचो. धोटा इकडून तिकडे टाकत राहायचो.

त्यानंतरही ते म्हणाले, कितीदा तरी म्हणाले, की एकटी तीच राह्यली. प्रत्येक वेळी माझ्या जिभेवर ते नाव यायचं. एका वाक्याचं काम होतं. सुरुवात कशी करावी हेसुद्धा मी मनात बसवून ठेवलं होतं. त्यांनी रागावून मला घालवून दिलं असतं, फार तर मागाची खोली बंद झाली असती. त्याच्या बदल्यात त्यांना बायको पुन्हा भेटली असती, आणि आपण उगाच रागावलो होतो हे ओझंही कदाचित उतरलं असतं. हा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. भूमिती शिकवली आहे, कुठली बाजू मोठी हे मला दिसत होतं.

तीन वर्षांनी सूर्यभानजी गेले. मी पोचलो तेव्हा सुनंदानं त्यांना पैरण घातली होती. हात छातीवर घेतले होते, त्यामुळं काख दिसत नव्हती. मी पायांवर डोकं ठेवलं. आणि मला काय वाटलं ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. सुटलो, असं वाटलं. आता कुणी पाहणार नाही. ते नाव जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत निघालं होतं, आणि मला हलकं वाटलं.

नंतरची वर्षं माझ्यासाठी चांगली गेली. वच्छलाबाईंच्या चौबगल्यानं शिवलेला माझा एकही सदरा आजवर काखेत फाटलेला नाही. लोक पाहायला आले, शिकायला आले. पनागरच्या तुकड्यावर मी शनिवारी दरी, म्हणजे सतरंजी, अंथरतो, दहा-बारा जण बसतात. कापूस कसा पिंजायचा, सूत कसं काढायचं, शेवटी चौबगला. हे कुणी शिकवलं, असं विचारतात. मी म्हणतो, उलगडत उलगडत सापडलं. शब्दाशब्दानं खरं आहे ते. किती सफाईनं खोटं बोलता येतं, नाही?

पण कुतूहल काही सुटलं नव्हतं. ती शिकली कधी? कुणाकडून? वर्गाला गेली नाही, नवऱ्याला कळलं नाही. आणि अक्षरं डोक्यावर उभी का? नाव डावीकडून उजवीकडे बरोबर, आणि एकेक अक्षर उलटं — असं कोण शिकतं? फळ्यावरून पाहून नाही शिकत कुणी. मी वहीत कितीदा तरी काढून पाहिलं आहे ते.

मागच्या हिवाळ्यात सुनंदा शनिवारी आली. आता तिचेही केस पांढरे झालेत. म्हणाली, "काका, मला पण शिकायचं आहे, आई-बाबांचं काही तरी हातात यावं." मी म्हटलं, बस. दरीवर कागद पसरून चौबगल्याची आकृती काढत होतो. माझ्या बाजूला जागा नव्हती म्हणून पनागरची एक बाई समोर बसून वहीत उतरवून घेत होती. मी काढायचो, ती काढायची. शेवटी वही पाहिली तर सगळे तुकडे डोक्यावर उभे! सगळ्या हसल्या. ती बिचारी म्हणाली, मला जसं दिसलं तसं काढलं.

सुनंदाही हसली. वर्ग हिंदीतच चालतो, ती बाकीच्यांना हिंदीत सांगायला लागली. "मेरी माँ भी ऐसे ही सामने बैठती थी. मैं छोटी थी, स्लेट पे लिखती, वो सुई ले के मेरे सामने. मैं एक-एक अक्षर बोल-बोल के लिखती, वो देखती रहती. अनपढ़ ही रही बेचारी. पर बैठती रोज थी."

दरीवर बारा-तेरा माणसं होती. रोज समोर बसणारी ती बाई काय करत होती, हे त्यांतल्या एकालाच कळलं.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, सहजच, मास्तर आता पुढं काय सांगतात म्हणून. मी पट्टी उचलली आणि पुढचं माप सांगितलं.